राजाची राणी आणि गादीवरची राणी

विचारणा अशी आहे : डेन्मार्कच्या बातम्यांत मार्ग्रेथही राणी आणि मेरीही राणी. पहिलीने स्वतः राज्य केलं, दुसरी राजाची पत्नी. हा फरक दाखवायला मराठीत वेगळा शब्द आहे का? मार्ग्रेथना 'सम्राज्ञी' म्हणावं का?

'सम्राज्ञी' नको. तो शब्द सम्राटाच्या जोडीचा, त्यामागे साम्राज्य लागतं. लावणीसम्राज्ञी, गानसम्राज्ञी या पदव्या गौरवाच्या आहेत, तिथे तो शोभतो. व्हिक्टोरियाने १८७७ पासून हिंदुस्थानपुरतं ते पद खरोखरच घेतलं आणि इथल्या नाण्यांवर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. पण लोकांनी काय केलं? रुपया 'राणीछाप'च राहिला. बोलीने पदवी बदलली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'पट्टराणी'ही चालणार नाही. पट्टराणी म्हणजे राण्यांमधली मुख्य. १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी म्हणून बसल्या. राज्य महाराजांचं होतं.

खरी अडचण 'राणी' या शब्दातच आहे. मूळ संस्कृत 'राज्ञी', राजन् शब्दाचं स्त्रीरूप. त्यात बायको असण्याची अट नाही. येसूबाईंच्या मुद्रेवरचं 'श्री सखी राज्ञी जयति' आठवा; संभाजीराजे मोहिमेवर असताना कारभार पाहणाऱ्या स्त्रीला तो शब्द किती नेमका बसतो! पण प्राकृतातून 'राणी' होऊन तो आपल्या कहाण्यांत आला, तो 'आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती' असाच. राणी ऐकलं की मराठी मन आधी राजा शोधतं.

म्हणूनच असेल, राज्य चालवणाऱ्या बायकांना आपण बहुधा निराळ्या नावांनी हाक मारली. झाशीत 'बाईसाहेब', अहिल्याबाईंना 'मातोश्री'. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य राखणाऱ्या ताराबाईंना मात्र 'ताराराणी' म्हटलं जातं, आणि तिथे राजा कोण हे कुणी विचारत नाही. म्हणजे शब्दात बळ आहे, संदर्भ भक्कम हवा.

तेव्हा एका शब्दाचा हट्ट सोडावा. फरक सांगायचाच असेल तर 'गादीवरची राणी' आणि 'राजाची राणी' हे सरळ मराठी आहे. 'राज्यकर्ती राणी'ही चालेल, पण 'गादी'त जी बैठक आहे ती त्यात नाही.

जाता जाता : डायनाला 'राजकन्या' लिहितात ते चूक. ती राजाची मुलगी नव्हती, राणीची सून होती, 'युवराज्ञी' म्हणा. एलिझाबेथ मात्र १९५२ मध्ये वडील वारेपर्यंत खरोखरच राजकन्या होती. उलट बाजूही आहे. राजाची बायको आपोआप राणी होते, राणीचा नवरा राजा होत नाही. मार्ग्रेथ यांचे पती हेन्रिक यांनी ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती.

१४ जानेवारी २०२४ ची ती बातमी मी अशी लिहीन : 'मार्ग्रेथ राणींनी ५२ वर्षांनी गादी सोडली; मुलगा फ्रेडरिक राजा झाला, सून मेरी राणी झाली.' 'सून' आली की वाचकाला कोण कुठली राणी ते कळतं.