दारावरची बेल कोण वाजवतं?

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडं छाटून देते.

"ताई, आई ७९ वर्षांची. डोंबिवली पूर्वेला एकटी राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही कशाचीही कमी ठेवलेली नाही. वाणसामान आणि औषधं ॲपवरून घरपोच येतात. वीज, गॅस, मेंटेनन्स सगळं मी इथून भरतो. सकाळी पोळ्यांना बाई येते. हॉलमध्ये कॅमेरा आहे. रोज फोन करतो, पण काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर, 'बरं चाललंय, तुझं सांग.' परवा समोरच्या काकूंचा मेसेज आला की आई हल्ली बेल वाजवली तरी दार उघडत नाही, बोलत नाही, कुठे येत-जात नाही. आणखी काय करू? बहीण मेलबर्नला असते. तिचं म्हणणं, स्वयंपाकघरातही एक कॅमेरा लावू या."

कॅमेऱ्याचं शेवटी बोलू. आधी एक कागद घ्या. दहा वर्षांपूर्वी आठवडाभरात तुमच्या घराची बेल कोण कोण वाजवायचं आणि आई कशाकशासाठी ते तीन जिने उतरायची, लिहून काढा. वाण्याकडचा पोऱ्या. इस्त्रीवाला. पेपरच्या बिलाला येणारा मुलगा, जो सुट्टे नाहीत म्हणून दोनदा यायचा. भिशीचे पैसे द्यायला येणारी कोणीतरी. आई उतरायची ती भाजीला, दळण टाकायला, पासबुक भरायला. आता त्या यादीतल्या किती नावांवर फुली मारावी लागते बघा. तुम्ही एकेक कटकट मिटवत गेलात आणि प्रत्येक कटकटीबरोबर एकेक माणूस गेलं. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मी स्वतः हेच केलंय.

माझे वडील मिरजेला असायचे, पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचे. २०१४ साली सरकारनं 'जीवन प्रमाण' आणलं, बोटाचा ठसा दिला की दाखला ऑनलाइन. मला कोण आनंद झाला! इथे कॅनडात, मिसिसागात बसून चार फोन केले आणि ठशाचं यंत्र घेऊन येणारा माणूस घरी पाठवला. दहा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी फोनवर मी मोठ्या फुशारकीनं विचारलं, "झालं ना पटकन?" ते म्हणाले, "झालं." मग जरा वेळानं, "म्हणजे आता नोव्हेंबरात जायला नको." आईनं नंतर सांगितलं. त्या दिवसासाठी ते कडक इस्त्रीचा शर्ट वेगळा काढून ठेवायचे. बँकेच्या बाकावर ऑफिसातले चार जण वर्षातून एकदा हटकून भेटायचे, कोण आलं नाही याची चौकशी व्हायची, मग सगळे मिळून कॉफी प्यायचे. रांग लावायला लागते म्हणून मी ती रांगच काढून टाकली होती.

तेव्हा पहिला सल्ला हा की यादीतल्या दोन-तीन गैरसोयी परत आणा. सगळं वाणसामान ॲपवरून मागवू नका, निम्मं कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करून आईलाच मागवू दे. तो विसरेल, उशिरा पाठवेल, आई त्याला बोलेल. बोलू दे.

दुसरी गोष्ट काकूंच्या मेसेजमधली. 'बेल वाजवली तरी दार उघडत नाही' हे वाचून तुम्ही निराशा, नैराश्य असल्या मोठ्या शब्दांकडे गेला असाल. आधी कान तपासा. वयानं ऐकू कमी यायला लागतं तेव्हा बारीक, चिरके आवाज आधी जातात. तुमच्या दाराला ती चिमणीसारखी चिवचिवणारी बेल आहे का? आतल्या खोलीत पंखा चालू असेल तर तिला ती ऐकूच येत नसणार. आणि 'बरं चाललंय, तुझं सांग' हे धड ऐकू न येणाऱ्या माणसाचं ठरलेलं वाक्य असतं, कारण ते कुठल्याही प्रश्नाला चालतं. २०२४च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके दिलेत. त्यात ऐकू न येणंही आहे आणि माणसांपासून तुटणंही. पहिल्यातून दुसरं कसं येतं ते तुमच्या आईच्या दाराशी दिसतंय.

घुमणाऱ्या, जाड आवाजाची बेल बसवा, जमल्यास दिवा लागणारी. कानाच्या डॉक्टरांकडे न्यायची व्यवस्था करा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. मशीन लागलं तर एक लक्षात ठेवा, पहिले काही आठवडे भांड्याला भांडं लागलं तरी डोक्यात जातं. कानात बसणारा साचा सैल असला तर मशीन शिट्टी मारतं. मग ते कपाटात जातं. घरोघरी ड्रॉवरमध्ये अशी महागाची मशीनं पडून आहेत. ते जुळवून घ्यायला दोन-चार खेपा लागतातच. त्या खेपांना सोबत कोण जाणार ते मशीन घेण्याआधी ठरवा.

आता सोबत हा शब्द आलाच आहे तर. आपल्याकडे घरात पुरुष नसला की शेजारणीला विचारायचे, "आज रात्री सोबतीला येतेस का?" आलेली बाई काय करायची? काहीच नाही. अंथरूण टाकायची, दोन शब्द बोलायची, झोपायची. ती देखभालीला यायची नाही, नुसती असायची. तुम्ही आईची देखभाल उत्तम केलीत. हा दुसरा भाग राहिला, आणि तो परदेशातून करायला जास्त अवघड आहे, कारण त्याची पावती येत नाही.

ब्यूरोतून बाई ठेवायचा विचार तुमच्या मनात येईलच. वाईट नाही. पण मागणी नीट करा. ब्यूरोवाले विचारतात, बारा तासांची की चोवीस तासांची, आणि पेशंट उठतो-बसतो का. तुमची आई पेशंट नाही. स्पष्ट सांगा की सोबतीला बाई हवी, दिवसातले चार-पाच तास पुरे. वडील गेल्यावर आईसाठी मी एका ब्यूरोकडून बाई ठेवली तेव्हा चार महिन्यांत तीन बदलल्या. ब्यूरो बिल मात्र अगदी वेळेवर पाठवायचा. बायका वाईट नव्हत्या. त्यांना सांगितलेलं असायचं की आजींचं बीपी लिहा, गोळ्या द्या आणि बसा. त्या बसायच्या, मोबाईल बघत. आई दुसऱ्या कोपऱ्यात बसायची. दोघी एकमेकींची ड्यूटी करायच्या.

चौथी बाई आईनं स्वतः निवडली. ब्यूरोकडून नव्हे, देवळातल्या ओळखीतून. सोलापूरकडच्या मावशी, पन्नाशीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आईच्या शेंगदाण्याच्या चटणीला नावं ठेवली. "ही काय चटणी म्हनायची का? कूट झालाय ह्यो." आईनं मला फोन करून तक्रार केली, पूर्ण पंधरा मिनिटं. इतकं सलग आई माझ्याशी वर्षभरात बोलली नव्हती. मावशींनी खलबत्ता काढायला लावला. मग रोज दुपारी एक मालिका, त्यातल्या सासूवरून भांडण, चार वाजता चहा. आईनं त्यांना सही करायला शिकवली, अंगठा नको म्हणून. बीपी त्या लिहायच्या, पण विसरायच्याही. मी त्यावर बोलणं सोडून दिलं.

यातून काढायचं ते हे: बाई आईला निवडू द्या, तुम्ही फोनवर मुलाखती घेऊ नका. तिचं गाव, भाषा, देवधर्म, खाणंपिणं आईशी जुळतं का बघा, निदान भांडता येईल इतपत. पोलीस पडताळणी करून घ्या, त्यात भिडस्तपणा नको. आणि तिला आठवड्याची हक्काची सुट्टी, स्वतःचं जेवण आणि वेळेवर पगार द्या. ती सुट्टीवर असेल त्या दिवशी कोण येणार हेही आधीच ठरवा. दागिने आणि रोख रकमेचा मोह घरात उघडा ठेवायचा आणि मग संशय घ्यायचा, हा उद्योग आपली माणसं फार करतात.

जिन्याचं बघा. तिसऱ्या मजल्यावरून उतरायला आईला भीती वाटत नसेल, परत चढायची वाटत असेल. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून प्रत्येक वळणावर भिंतीला दुमडून ठेवता येईल अशी बसायची फळी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा बसवून घ्या. खर्च तुम्ही करा. इमारतीत आणखी चार म्हातारी माणसं असतील, तीही बसतील, आणि जिन्यात बसलेली दोन माणसं गप्पा मारणारच.

खाली उतरता आलं की मग ज्येष्ठ नागरिक संघ. महाराष्ट्रात गावोगावी आहेत, त्यांचा फेस्कॉम नावाचा महासंघही आहे. मात्र नुसती वर्गणी भरून 'जात जा' म्हणू नका. पहिल्या दोन-तीन वेळा कोणीतरी हाताला धरून न्यायला हवं आणि ओळख करून द्यायला हवी, शाळेत पहिल्या दिवशी नेतात तसं. काकूंना विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, कदाचित मुलगा म्हणून लक्षात आली नसेल. बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाची बोलावणी येतात का? संक्रांत ते रथसप्तमी आणि पुन्हा चैत्रात, बायकांचं एकमेकींकडे जाणं-येणं त्याच निमित्तानं होतं. नवरा गेला की ते एका दिवसात बंद होतं आणि कोणी त्याबद्दल बोलतही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, आणि इतर गावांनीही तसं करावं म्हणून राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. डोंबिवलीच्या सोसायटीला ठराव लागू नये. येत्या संक्रांतीला आईच्याच घरी तिळगुळाला सगळ्या बायकांना बोलवा. तुमच्या पत्नीनं फोन करून एकेकीला आमंत्रण द्यावं. वाण काय लुटायचं ते आई ठरवेल.

फोनबद्दल. तुम्ही गाडी चालवताना करता ना? बहुतेक सगळे तेव्हाच करतात. आईला ते कळतं, म्हणून ती आटोपतं घेते. उन्हाळ्यात तुमच्या सकाळच्या साडेनऊला तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दिवेलागणीची वेळ एकट्या माणसाला खायला उठते. शनिवार-रविवारी तेवढी वेळ धरा (मालिकेची वेळ मात्र विचारून घ्या, नाहीतर तुम्हीच नकोसे व्हाल). आणि खुशाली विचारू नका, काम सांगा. मुलांना निमकी-पावकी म्हणून दाखवायला सांगा. आमटी बिघडली तर फोन तिला करा, यूट्यूबला नाही. माझा भाऊ दर रविवारी आईबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा, फोटो मागवून. दोघंही चुकायचे.

हेच पत्र आईऐवजी बाबांबद्दल असतं तर थोडं वेगळं लिहिलं असतं. बायको गेलेल्या पुरुषाचा कट्टा सकाळी नऊला संपतो, पुढचा अख्खा दिवस त्याला घर अंगावर येतं. पुण्यात २०१२पासून ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ आहे, साठी-सत्तरीतली माणसं तिथं जोडीदार शोधतात. आई किंवा वडील असं काही बोलले तर परदेशातल्या मुलांनाच आधी घाम फुटतो, आणि तो बहुधा फ्लॅटच्या काळजीनं. त्यासाठी मृत्युपत्र नावाचा कागद असतो.

काही घाईच्या गोष्टी. किल्लीचा एक जोड काकूंकडे ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ म्हणून आईची नोंद करता येते का विचारा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात चिकटवा. महिन्याच्या पैशांत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चहा-बिस्किटांसाठी वेगळी रक्कम ठेवा आणि आईला तसं सांगा, नाहीतर ती तुमचे डॉलर वाचवत बसेल. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, म्हणजे पुनर्विकासाची मीटिंग आज ना उद्या लागणारच. तेव्हा भाड्याचं घर काकू जिथं घेतील त्याच्या चालत अंतरावर घ्या, मग ते दोन खोल्यांचं आणि कळकट असलं तरी. पोझेशन कधी मिळेल हे बिल्डरही सांगू शकत नाही, आणि तोवर तिची ओळखीची माणसं गावभर पांगलेली असतील.

आता कॅमेरा. स्वयंपाकघरात लावण्याआधी हॉलमधला आईला विचारून लावला होता का, ते आठवा. नसेल तर विचारा, चार्जरवर लावलेल्या फोनवरून नव्हे, डिसेंबरात प्रत्यक्ष जाल तेव्हा, तिच्या शेजारी बसून. ती 'काढ' म्हणाली तर स्टुलावर चढून स्वतः काढा. स्टूल धरायला समोरच्या काकूंना हाक मारा.