शॉट खाली डावीकडे जातो, काय करू? पिस्तूलवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात एअर पिस्तूलबद्दल थोडंसं लिहिलं होतं, तर देवळालीपासून निफाडपर्यंत कुठून कुठून प्रश्न आलेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न : ताई, मी देवळाली कॅम्पला राहतो, दीड वर्ष झालं 10 मीटर एअर पिस्तूल मारतोय, उजव्या हाताने. दहातले सहा-सात शॉट छान बसतात पण बाकीचे खाली डावीकडे, टार्गेटच्या सातच्या नाहीतर सहाच्या रिंगेत. साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) स्क्रू फिरवून फिरवून कंटाळलो, आज बरोबर केलं की उद्या परत तेच. पिस्तूल खराब झालंय का?

दादा, पिस्तूल बहुतेक ठीक आहे. साइट खरंच हललेली असती तर दहाच्या दहा शॉट खाली डावीकडे गेले असते, तुमचे सहा-सात तर मध्ये बसतायत. तरी खात्री करायची असेल तर एक दिवस टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, त्यावर हात टेकवून पाच शॉट मारा. पाच शॉटचा ग्रुप (पुंजका) मध्ये आला की पिस्तुलाचा विषय संपला आणि स्क्रूला हात लावायचा नाही.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धं काम होतं. आपल्या पिस्तुलात पुढच्या टोकाची फ्रंट साइट आणि मागची खाचेची रिअर साइट यांच्यातलं अंतर साधारण 32 सेंटीमीटर असतं आणि टार्गेट 10 मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट खाचेत फक्त 1 मिलीमीटर सरकली तरी टार्गेटवर शॉट 31 मिलीमीटर सरकतो, आणि 31 मिलीमीटर म्हणजे थेट सात. उलट दोन्ही साइट एकमेकांशी अगदी बरोबर जुळलेल्या आहेत आणि नुसता हात हलतोय, तर हात 8 मिलीमीटर सरकला तरी पेलेटची (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळीची) कड दहाच्या रेषेला लागते, म्हणजे दहाच. दहाची रिंग 11.5 मिलीमीटरची आणि पेलेट 4.5 चा, गणित करून बघा. हात हलतो म्हणून आपण घाबरतो, आणि ज्या क्षणी साइट टार्गेटच्या काळ्या गोळ्याखाली मस्त थांबल्यासारखी वाटते त्या क्षणी 'आत्ताच मार' म्हणून बोट झटका देतं, त्या झटक्याबरोबर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पण आवळलं जातं, मनगट खाली वाकतं आणि फ्रंट साइट खाली डावीकडे जाते. उजव्या हाताच्या लोकांचा हा नेहमीचा कोपरा आहे, माझा पण होता, चांगली दोन वर्षं.

उपाय घरातच आहे. पांढरी भिंत, टार्गेट अजिबात नको. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, घरातलं माणूस समोर येणार नाही अशी भिंत निवडा, आणि ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा नुसता ट्रिगर ओढा. समोर काळा गोळा नसला की डोळ्याला बघायला फक्त साइट उरते, मग ट्रिगर सुटताना फ्रंट साइट कुठे उडी मारते ते स्वच्छ दिसतं. पिस्तूल खाली आणतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, साइट जुळली की दुसऱ्यावर वजन हळूहळू वाढवत न्यायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि ट्रिगर सुटल्यावर पण दोन सेकंद साइट बघत राहायचं. रोज तीस-चाळीस, मन लावून. रेंजवर गेलात की मित्राला सांगा, तुम्हाला न दाखवता कधी पेलेट घाल, कधी घालू नको. ज्या वेळी पेलेट नाही त्या वेळी हात खाली गेलेला दिसेल आणि तुम्हाला स्वतःलाच धक्का बसेल, मला बसला होता.

अजून एक, उभं राहिल्यावर डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे दिसली तर हात ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. ओढून आणलेला हात ट्रिगरच्या वेळी परत आपल्या जागेवर जातो.

प्रश्न : वय 46, सातपूरला कंपनीत आहे, शनिवार-रविवार रेंजवर जातो. चाळिशी लागल्यापासून फ्रंट साइट धूसर दिसते आणि वाचायचा चष्मा लावला तर टार्गेट गायब होतं. आता सोडून द्यावं का?

अहो अजिबात सोडू नका, पन्नाशी-साठीतले लोक मॅच मारतात. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, साधारण दीड फूट, आणि फ्रंट साइट तुमच्या डोळ्यापासून जवळजवळ एक मीटरवर, म्हणून तो नंबर चालत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना हात लांब करून हे अंतर टेपने मोजून घेऊन जा आणि सांगा की मला या अंतरावरची वस्तू टोकदार दिसली पाहिजे. बहुतेकांना लांबच्या नंबरात +0.50 किंवा +0.75 वाढवून काम होतं. प्रोग्रेसिव्ह काच नको, मान जराशी वाकली की नंबर बदलतो. काळा गोळा थोडा धूसर दिसणारच, दिसू दे, वर गणित दिलंय ते वाचा, साइट टोकदार पाहिजे. आणि दुसरा डोळा मिटून मारत असाल तर ते बंद करा, चेहरा ओढला जातो आणि अर्ध्या तासात उघडा डोळा पण थकतो. त्या डोळ्यासमोर पट्टी लावा, नियमात 30 मिलीमीटर रुंदीपर्यंत चालते.

प्रश्न : मॅम मी अकरावीत आहे, पंचवटीत राहते. प्रॅक्टिसला माझे 600 पैकी 560-565 होतात पण मॅचला 540 च्या आसपास. छाती इतकी धडधडते की साइट त्या ठोक्याबरोबर हलताना दिसते. सर म्हणतात कॉन्फिडन्स कमी आहे. कॉन्फिडन्स आणायचा कसा?

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. धडधड होणारच गं, मोठमोठ्यांना होते, तिच्याशी भांडू नकोस. ती थांबेल मग मी मारेन असं ठरवलंस तर हात वरच राहतो आणि थकतो.

तू आधी एक काम कर, तुझ्या मागच्या मॅचचा स्कोअर काढ आणि साठ शॉट एकेक बघ. वीस पॉइंट सगळ्या शॉटमधून थोडे थोडे गेलेले नसतील, पाच-सहा शॉट असतील सात, सहा, कदाचित एखादा पाच, बाकी मॅच प्रॅक्टिससारखीच असेल. आणि आठवून बघ, त्या पाच-सहा वेळी तुला आतून माहीत होतं की हा शॉट नीट नाहीये, हात वर खूप वेळ झालाय, तरी मारलास. हो ना? मग तुझा प्रश्न कॉन्फिडन्सचा नाही, पिस्तूल खाली न घेण्याचा आहे, आणि तो शिकता येतो.

मॅचला 60 शॉटना 75 मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. तुझा एक शॉट पेलेट भरण्यापासून धरून चाळीस सेकंदांचा असला तर चाळीस मिनिटांत साठ होतात, पस्तीस मिनिटं शिल्लक! (पूर्वी मुलींना 40 च शॉट असायचे, 2018 पासून मुलांइतकेच 60 झाले.) त्या पस्तीस मिनिटांत तू तीस वेळा पिस्तूल खाली घेऊ शकतेस. साइट जुळल्यावर सात-आठ सेकंदांत सुटला नाही की खाली, मनात शंका आली की खाली, मागे कुणाची बॅग पडली की खाली. पण हे मॅचला आपोआप होत नाही, प्रॅक्टिसलाच सवय लाव, रोज दर पाचव्या शॉटला सगळं चांगलं असताना सुद्धा मुद्दाम खाली घे, एक श्वास घे आणि परत उचल. सुरुवातीला जीवावर येतं, पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं.

आणि मॉनिटरवर बेरीज बघणं बंद कर. शॉट कुठे गेला ते बघ, बस. 'आता इतके झाले, आता इतके पाहिजेत' हे सुरू झालं की ट्रिगरवरचं लक्ष गेलंच. महिन्यातून दोनदा रेंजवर खरी मॅच लाव, पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर (न मोजले जाणारे सुरुवातीचे शॉट), मग 75 मिनिटांचा टायमर, मैत्रिणींना मागे गप्पा मारायला सांग, एक चिडली तरी चालेल.

मनू भाकरचं तुला माहीतच असेल. टोकियो ऑलिंपिकला क्वालिफिकेशन चालू असताना तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, घाईत उरलेले शॉट मारावे लागले आणि फायनल थोडक्यात हुकली. तीच मुलगी 2024 ला पॅरिसमध्ये 580 मारून फायनलला गेली आणि 221.7 वर ब्राँझ घेतलं, दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिक्स्ड टीमचं दुसरं. मधल्या तीन वर्षांत ती खूप वाईट काळातून गेली, सोडायचा विचार पण केला होता. तुझे 540 म्हणजे काही जगबुडी नाही गं. पुढच्या मॅचनंतर मला बेरीज कळवू नकोस, पिस्तूल किती वेळा खाली घेतलंस ते कळव.

प्रश्न : हात थरथरू नये म्हणून मॅचच्या आधी बीपीची अर्धी गोळी घेतली तर चालते असं एका सिनियरने सांगितलं. खरं आहे का? (नाशिकरोड)

नाही चालत, आणि ज्याने सांगितलं त्याच्यापासून लांब राहा. तो ज्या गोळ्यांबद्दल बोलतोय त्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, प्रोप्रानोलॉल वगैरे. त्याने ठोके कमी होतात म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे, आणि आपल्या खेळात ही बंदी फक्त मॅचच्या दिवशी नाही, वर्षभर आहे. डोपिंगमध्ये सापडलात तर कित्येक वर्षं बाहेर. शिवाय दम्याच्या माणसाने डॉक्टरला न विचारता घेतली तर जिवावर बेतू शकतं. खरोखर बीपीसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर स्वतःच्या मनाने बंद पण करू नका, डॉक्टरांना सांगा मी शूटिंग करतो, ते बघतील दुसरं औषध देता येतं का. हात स्थिर करायचा तर अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या, खांद्याच्या उंचीवर वीस सेकंद धरा, मग एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा, एक दिवसाआड. नंतर लिटरची बाटली घ्या.

प्रश्न : पेलेट हाताळल्यावर हात धुवायलाच पाहिजे का? (इंदिरानगर)

हो, धुवाच. पेलेट शिशाचे असतात. रेंजवर पेलेट तोंडात धरणारी मुलं मी पाहिलीत, आणि त्याच हाताने मिसळपाव खाणारी पण. साबणाने धुवा, मग खा, आणि घरी लहान बाळ असेल तर त्याला घेण्याआधी पण.

प्रश्न : नमस्कार ताई. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी आठवीत आहे, चार महिने झाले नाशिकला रेंजवर जाते, तिला गोडी लागलीय. रेंजवरचे पालक म्हणतात स्वतःचं परदेशी पिस्तूल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, दीड-दोन लाख सांगतात. बागेचे पैसे आले की घेऊ का? लायसन्स लागतं का?

भाऊ, या वर्षी घेऊ नका. आठवीतल्या मुलीचा हात अजून वाढतोय. चांगल्या पिस्तुलात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकडी ग्रिप, ती हाताच्या मापाची लागते, आज घेतलेली वर्षभरात घट्ट होईल. वजनाचं पण आहे, मॅच पिस्तूल एक किलोच्या आसपास असतं आणि ते एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न घेता दीड तास उचलायचं. आधी खांदा आणि पाठ तयार होऊ द्या. क्लबचं पिस्तूल वापरू द्या, फक्त रोज तिला तेच एक मिळेल असं प्रशिक्षकांशी बोलून घ्या, कारण दर वेळी वेगळं मिळालं तर शिकणं पुढे सरकत नाही. एखादं वर्ष गोडी टिकली, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मॅच झाल्या की मग बघा.

सध्या खर्च करायचाच तर सपाट तळव्याचे बूट घ्या, घोट्याच्या खालचे, वरचे मॅचला चालत नाहीत. आणि पेलेट चांगले घ्या, डब्यावरचा बॅच क्रमांक एकच आहे ना ते बघून दोन-चार डबे एकदम. आणि तिची येण्याजाण्याची सोय नीट करा, निफाडच्या थंडीत सकाळी सहाला दुचाकीवर बसून आलेल्या मुलीचा हात तासभर आखडलेलाच राहतो, हातमोजे द्या, रेंजवर पोचल्यावर दहा मिनिटं हात चोळायला सांगा.

लायसन्सचं म्हणाल तर 4.5 मिलीमीटरचं म्हणजे पॉइंट 177 चं आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीचं एअर पिस्तूल असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, आणि मॅचची पिस्तुलं सहा-सात जूलच्या आतबाहेर असतात. तरी बिल आणि ओळखपत्राची कॉपी कायम पेटीत ठेवा, पिस्तूल एसटीत किंवा रस्त्यात पेटीबाहेर काढायचं नाही, घरी कुलपात. पुढे ती 25 मीटरला गेली, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्सला गोल्ड घेतलं तो प्रकार, तिथे पॉइंट 22 ची खरी गोळी असते, तेव्हा परवान्याचं सगळं वेगळं, ते तेव्हा बोलू.

पुढे कधी सेकंडहँड घ्यायची वेळ आली, आणि बहुतेक जण तेच घेतात, त्यात काही कमीपणा नाही, तर आधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर मॅचच्या तपासणीत चालत नाही. सिलिंडर 200 बारच्या दाबाने भरलेला असतो, म्हणून हा नियम जिवासाठी पण आहे. मी एका ठिकाणी असं पाहिलंय की बापाने कर्ज काढून जुनं पिस्तूल घेतलं, मुलगा मॅचच्या सकाळी तपासणीला उभा राहिला आणि सिलिंडरची तारीख संपलेली निघाली, पोराला दुसऱ्याचा सिलिंडर मागत लाइनीत फिरावं लागलं. नवा सिलिंडर वेगळा विकत मिळतो, तेव्हा तारीख संपली असेल तर त्याची किंमत पिस्तुलाच्या भावातून कमी करून मागा. आणि पैसे देण्याआधी प्रशिक्षकांना सोबत न्या, ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावून बघायला सांगा, ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे, आणि मुलीच्या हातात देऊन दहा मिनिटं धरायला लावा, तिचं तोंड वाकडं झालं तर परत करा.