वाचकांचे प्रश्न: हॉस्टेलचं वायफाय कॉरिडॉरमध्ये लावायचं की खोल्यांत?

प्रश्न: आमच्या विद्यापीठाचं मुलांचं हॉस्टेल तीन मजली आहे. मजल्यावर समोरासमोर २०-२० अशा ४० खोल्या, खोलीत ३ मुलं. व्हेंडरने प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये छताला १० ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय देणारे डबे) असं कोटेशन दिलंय, सगळे वायफाय ७ चे. समितीत नेटवर्कमधलं कळणारा मी एकटाच आहे. होकार देऊ का?
– सिस्टिम ॲडमिन, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: एवढ्यात देऊ नका सर. एपी किती हे नंतर, आधी ते कुठे लागतायत ते बघा. कॉरिडॉर म्हणजे सरळसोट बोगदा, मध्ये एक भिंत नाही, त्यामुळे पहिल्या एपीला पार टोकाचा एपी खणखणीत ऐकू येतो आणि खोलीतल्या पोराला मात्र भिंत, दार, लोखंडी कपाट एवढं ओलांडून जे उरलंसुरलं असेल ते मिळतं. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, दुसऱ्याचं चालू असेल तर गप्प थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे १० एपी एका रांगेत टांगले की तिघातिघांना, चौघाचौघांना एकेक चॅनल वाटून घ्यावा लागतो आणि बराच वेळ पाळी यायची वाट बघण्यातच जातो. दांड्या फुल आहेत पण व्हिडिओ गोल गोल फिरतोय, ही तक्रार बहुतेक इथूनच येते.

मी एका हॉस्टेलला असंच लागलेलं काम नंतर निस्तरलंय. कॉरिडॉरच्या एपीखाली उभं राहिलं की सिग्नल मस्त, म्हणून काम पास झालेलं. मी रात्री ९ नंतर गेलो, सगळी मुलं खोलीत असतात त्या वेळी. दार उघडं असताना खोलीत उणे ६२ डीबीएम (सिग्नलचं माप, शून्यापासून जितकं लांब तितका सिग्नल कमजोर), दार लावलं तर उणे ६७, आणि मुलगा जिथे खरंच अभ्यासाला बसतो तिथे, कपाटाच्या आडोशाला पलंगावर, उणे ७५. साधारण उणे ६७ पर्यंत कामाचं समजा, त्याच्या खाली फोन रडतखडत चालतो. तुमच्याकडे जुन्या इमारतीला जांभ्याच्या जाड भिंती असतील तर याहून वाईट मिळेल.

म्हणून ऑर्डरच्या आधी व्हेंडरकडून एकच एपी डेमोला मागून घ्या, स्टँडला बांधून एका खोलीत ठेवा, दारं लावून शेजारच्या, समोरच्या, वरच्या खोलीत मोबाइल घेऊन फिरा आणि आकडे वहीत लिहा. संगणकावर नकाशा काढून गोल रंगवलेला सर्व्हे चालणार नाही, त्याला तुमची भिंत माहीत नसते. माझा अंदाज, तेच १० एपी खोल्यांच्या आत, चार खोल्यांमागे एक, असे तिरके तिरके लावले आणि वरच्या मजल्यावर जागा सरकवून घेतल्या तर काम होईल. निम्म्या एपींचं २.४ बंदच ठेवा. भर ५ गिगाहर्ट्झवर द्या, तिथे २०१८ पासून आपल्याकडे ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुलं आहे, पण चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. पॉवर फुल करू नका, एपीचा आवाज फोनपर्यंत जातो पण फोनचा बारीक आवाज एपीपर्यंत पोचत नाही. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने रेट बंद करून टाका, हळू बोलणारा एक फोन सगळ्यांचा वेळ खातो. आणि हो, खोलीत एपी आला की दुरुस्तीला आत जायची परवानगी लागते, वॉर्डनशी आत्ताच बोलून ठेवा.

वायफाय ७ बद्दल, त्याची ३२० मेगाहर्ट्झची रुंद चॅनल ६ गिगाहर्ट्झवरच मिळते, आणि गजबजलेल्या हॉस्टेलात तुम्ही २० वर चालवणार. मी असतो तर चांगले वायफाय ६ घेतले असते आणि वाचलेले पैसे केबल आणि स्विचमध्ये (एपींच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) घातले असते.

प्रश्न: स्विच कोणता घ्यावा? २४ पोर्टचा पीओई (केबलमधूनच एपीला वीज देणारा) आहे म्हणजे पुरे ना?
– ग्रंथालय विभाग, सोलापूर

उत्तर: पोर्ट मोजू नका, वॅट मोजा. २४ पोर्टच्या बऱ्याच स्विचचं पीओई बजेट ३७० वॅटच्या आसपास असतं. १५.४ वॅटने २४ पोर्ट त्यात बसतात, पण पोर्टला पूर्ण ३० वॅट धरले तर १२ च. टेंडरमध्ये वॅट लिहिले नाहीत तर एल-१ वाला (सगळ्यात कमी किमतीचं टेंडर भरणारा) सगळ्यात कमी वॅटचा देणार, त्याचा दोष नाही, तुम्ही मागितलंच नाही. तसंच लायसन्स. काही कंपन्यांचे क्लाउडवरचे एपी दरवर्षी रिन्यू करावे लागतात, म्हणून किंमत ५ वर्षांची एकत्र मागवा. केबल १०० मीटरच्या वर नको. आणि दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल अजिबात टाकू नका, फायबरच टाका, वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की दोन्हीकडचे स्विच जातात, मी जळालेले पोर्ट हातात घेऊन बसलोय.

प्रश्न: सगळ्या कॅम्पसला एकच पासवर्ड आहे, तो चहाच्या टपरीपर्यंत गेलाय. काय करू?
– प्राध्यापिका, नांदेड

उत्तर: मॅडम, पासवर्ड बदलून उपयोग नाही, आठवड्यात परत तिथेच जाईल. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा ३ एंटरप्राइझ, मागे रेडियस सर्व्हर (प्रत्येकाचं लॉगिन तपासणारा). फ्रीरेडियस फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. विद्यार्थी पास होऊन गेला की त्याचं एकट्याचं खातं बंद करायचं, बाकी कोणाला हात लावायला नको. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात, सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल तर त्या लॉगमधून माणूस सापडायचा कसा? हे झालं की एज्युरोमसाठीही (विद्यापीठांची एकमेकांकडे चालणारी वायफाय लॉगिनची सोय) अर्ज करा, भारतात ते अर्नेट ही सरकारी संस्था बघते. मग तुमच्या संशोधक मुली दुसऱ्या विद्यापीठात परिषदेला गेल्या आणि तिथे एज्युरोम असेल तर आपल्याच आयडीवर त्यांचा फोन जोडला जाईल. फक्त फोन सेट करताना सर्टिफिकेट तपासणी (नेटवर्क खरंच आपलंच आहे ना याची खात्री) बंद करायला कोणाला सांगू नका, नाहीतर त्याच नावाचं खोटं नेटवर्क लावून कोणीही पासवर्ड काढून घेऊ शकतो.

प्रश्न: सकाळी १०.३० नंतर फोन वायफायला जोडला जातो, पण नेट येत नाही. एपी वाढवू?
– लॅब असिस्टंट, जळगाव

उत्तर: आधी डीएचसीपी (प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) बघा. एका साध्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका भागात) २५४ पत्ते, आणि पोरं गेटमधून आत आली की खिशातले फोन आपोआप पत्ता घेतात. लीज (पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत) २४ तासांची असेल तर गेलेल्याचा पत्ताही अडकून राहतो, त्यात आजकालचे फोन मॅक पत्ता (फोनची नेटवर्कवरची ओळख) बदलून येतात म्हणजे एकच फोन दोन-तीन पत्ते खातो. लीज २ तासांवर आणा, पूल मोठा करा, आणि सोमवारी १०.३० ला किती पत्ते शिल्लक राहतात ते मला कळवा.