मेथोट्रेक्सेट सुरू करायची की नाही?

अगं, आमवाताचं निदान होऊन तुला पंधरवडाच झालाय, घाबरणं साहजिक आहे. पण त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे "औषध कडक आहे" एवढ्यावरच ठरवू नकोस. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघ: आमवात तसाच राहू दिला तर सांधे आतून खराब होतात, वाकडे होतात, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मी भीतीपोटी वर्षभर चालढकल केली. उजव्या हाताची दोन बोटं आज पूर्ण मिटत नाहीत.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेव. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. गुण यायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर स्टेरॉईडने बरं वाटतं, पण त्यावरच वर्षं काढली तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. रक्ताची, लिव्हरची तपासणी चुकवू नकोस.

आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, अजिबात संकोचू नकोस. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. सल्फासॅलॅझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असे पर्याय आहेत. कुणी दिलेला काढा घेत असशील तर तोही सांग.