आधी दिवस मोज

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नाही, अर्धशिशीची सुमाट्रिप्टान गोळी नाही, तीच बाई चौथ्यांदा डोकं धरून आली आणि तू पुन्हा डायक्लोचं, म्हणजे नुसतं दुखणं दाबणारं इंजेक्शन दिलंस, आपण रुग्णांना फसवतोय असं तुला वाटतं. चार पानांत तिच्या बीपीपासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं आहे. महिन्यातले किती दिवस तिचं डोकं दुखतं आणि किती दिवस ती गोळी घेते, हे मात्र कुठेच नाही. मग सीटी असता तरी तू काय करणार होतीस?

आधी दिवस मोज.

तुला हे कुणी शिकवलं नाही, हे मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या पाहणीत जगभरच्या वैद्यकीय पदवीत डोकेदुखीला जेमतेम चार तास मिळतात असं दिसलं. आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन पाहणी झाली तेव्हा वर्षभरात अर्धशिशी झालेले प्रौढ 25.2 टक्के निघाले. चारातलं एक माणूस! तुझ्या ओपीडीत ही माणसं रोज येतात, पण ‘पित्त उसळतं, उलटी पडली की बरं वाटतं’ असं सांगत येतात आणि पित्ताची गोळी घेऊन घरी जातात. दुखणं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं का, काम करताना वाढतं का, मळमळतं का, उजेड आणि आवाज नकोसा होतो का, एवढं विचारलंस की बहुतेक निदान हाती येतं. न्हायल्यावर डोकं उठतं असं कुणी म्हणाली तर हसू नकोस. मुंबईच्या डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये अशा 94 रुग्णांची निरीक्षणं छापली आहेत.

धोक्याची लक्षणं तुला पाठ असतील: क्षणात टोकाला गेलेलं दुखणं, ताप आणि आखडलेली मान, फिट, हातापायातली कमजोरी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. गरोदर बाईचं डोकं दुखलं की बीपी आणि लघवीतलं प्रोटीन. बाळंतिणीच्या डोकेदुखीला तर कधीच हलकं घेऊ नकोस, मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. यातलं काहीही दिसलं तर 108. बाकीच्यांना सीटीसाठी जिल्ह्याला पाठवून त्यांचा दिवस आणि मजुरी बुडवू नकोस.

आता मोजायचं कसं ते सांगते. घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर दुधाचा हिशोब असतो, सिलिंडरची तारीख असते. दुखलं त्या दिवशी टिंब, गोळी घेतली त्या दिवशी फुली. लिहिता न येणारी बाईसुद्धा हे बिनचूक करते. पुढच्या वेळी येताना ते पान आणायला सांग.

ते पान समोर आलं की अर्धा गोंधळ संपतो. दोन-तीनच टिंबं असतील तर झटका आला की लगेच, पुऱ्या मात्रेत औषध: आयब्युप्रोफेन 400 किंवा अॅस्पिरिन 900 मिलिग्रॅम, पोटात काहीतरी घालून, सोबत मळमळीसाठी डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड. पाचशेची एकच पॅरासिटामॉल देऊन ‘औषध लागू पडत नाही’ असं मला पुन्हा लिहू नकोस. टिंबं जास्त असतील, दर आठवड्याला काम बुडत असेल, तर रोजचं प्रतिबंधक औषध. दमा नाही ना हे विचारून प्रोप्रानोलॉल, नाहीतर रात्री अॅमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅमपासून. दोन्ही औषधं स्वस्त आहेत. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. तरुण बायकांना व्हॅल्प्रोएट लिहू नकोस.

आणि फुल्या महिन्याला पंधरा किंवा त्याहून जास्त असतील, तेही तीन महिन्यांपासून, तर गोळीच दुखणं वाढवते आहे असं समज. अर्धशिशीच्या जुन्या अर्गोटामिनच्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या असतील तर महिन्याला दहाच दिवस पुरतात. तुझ्या त्या बाईचं मला हेच वाटतं. किराणा दुकानातून ती काय घेते, विचारलंस का? नसशील विचारलं. गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस डोकं जास्तच ठणकतं. हे तिला सांग, आणि तिच्या सासूला समोर बसवून तिलाही सांग, नाहीतर तिसऱ्या दिवशी सासूच दुकानातून पाकीट आणून देईल.

तुझी ओपीडी तुंबेल. माझीही तुंबायची. ‘मॅडम डोकेदुखीत वेळ घालवतात’ असं वर कळवलं गेलं, मला खुलासा मागितला गेला. मी कॅलेंडरची पानंच जोडून पाठवली. ज्या बाईचं दुखणं नीट मोजलं जातं ती दर आठवड्याला सुई मागायला येत नाही, आणि रांग त्यानेच कमी होते. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. हट्टी म्हणाले मला. म्हणोत.

खंत आहे ती वेगळीच. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक निघायचे आणि औषध नुकतं लागू पडू लागलेल्या बायका डोळ्यांदेखत निघून जायच्या. पहाटे उपाशीपोटी फडात, दिवसभर ऊन, रात्री अपुरी झोप, म्हणजे अर्धशिशीला हवं ते सगळंच. कित्येकींचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तू टोळ्या निघण्याआधी गावात जा. आशाताईंना घेऊन यादी कर. शक्य तितक्या महिन्यांच्या गोळ्या आणि कॅलेंडरची पानं सोबत दे.

त्यासाठी साठा लागेल, आणि ‘डोकेदुखीचे रुग्ण खूप आहेत’ एवढ्यावर औषध भांडार काही देत नाही. किती बायका, प्रत्येकीचे किती दिवस, रोजच्या किती गोळ्या, हे मांडून मागणीपत्र लिही. सुमाट्रिप्टान 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, तेही त्यात लिही. नकार आला तर त्याची प्रत ठेव आणि पुढच्या महिन्याचे आकडे जोडून पुन्हा पाठव. पहिला मसुदा मला दाखव, मी दुरुस्त करून देईन.

तुझी,
मॅडम