जन्माच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं: गोव्यातल्या वयस्कर आईचे कागद कसे जुळवावेत?

तुम्ही विचारलंय की आई ७१ वर्षांच्या, फोंड्याजवळ गावात एकट्या राहतात, तुम्ही पुण्याला. आता ऑपरेशन ठरलंय आणि त्यांचं नाव व जन्मतारीख प्रत्येक कागदावर वेगळी निघतेय. मी डिचोलीची, आईंच्याच वयाची. याच फेऱ्यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

आधी घाबरू नका. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी हे आहे. जन्माची नोंद पोर्तुगीजमध्ये झालेली. प्रभूंचं पोरोबो, कामतांचं कामोतीम. 'श' एक्सने लिहीत, त्यामुळे शंकर हे नाव एक्सने सुरू होतं आणि काउंटरवरचा आजचा मुलगा ते 'झेंकोर' वाचतो. मुक्तीनंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, तिथे मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिला. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. एकाच बाईची तीन नावं झाली, खोटं कुणीच बोललं नव्हतं.

माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा एका रुग्णालयात आरोग्य योजनेच्या कार्डावरचं नाव आधारशी जुळेना. मी खाटेवर विव्हळत होते आणि मुलगा दोन दिवस खिडक्यांपुढे उभा होता. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. म्हणून सांगते, ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात बसा.

माझी जन्मनोंद डिचोलीत सापडलीच नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या काकींकडे गेले. नव्वदी ओलांडलेली, सोप्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. सुपातून हात न काढता म्हणाल्या, "तूं हांगा खंय जल्मली? आजोळा. चवथ जावन आठ दिस जाल्ले. वयजिणीक हाडूंक तुझो मामा होडयेंतल्यान गेल्लो." म्हणजे, तू इथे कुठे जन्मलीस? आजोळी. गणेशचतुर्थी होऊन आठ दिवस झाले होते, सुईणीला आणायला तुझा मामा होडीतून गेला होता. माझं आजोळ पेडणे तालुक्यात, शापोरा नदीकाठी. तिथल्या निबंधकाकडे जाड वहीत नोंद मिळाली, सप्टेंबर १९५४. शाळेत १ जून १९५३ लागलंय! आईंच्या वाड्यावर अशी कुणी काकी असेल तर सुट्टी काढून या आणि तिच्याजवळ बसा. कोण कुठे जन्मलं, कुणाचं माहेरचं नाव काय, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक नसतं.

आता कागदांचं. जुन्या नोंदीला हात लावू नका, तिचा उतारा तेवढा घ्या. लग्नाची नोंद असेल तर तिचाही घ्या, कारण माहेरचं आणि सासरचं नाव तिथे एकत्र सापडतं. मग ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, त्यात प्रत्येक नाव कागदावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. आधारमध्ये घाईने बदल नको. तिथे जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. पेन्शन आणि बँकेत कोणतं नाव, कोणती तारीख आहे ते आधी पाहा, बाकीचं त्याला जुळवा.

राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला मिळते, तिघांपर्यंतच्या घराला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख. कार्डाची मुदत आजच बघा, ती संपलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. केंद्राच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला, म्हणजे ज्येष्ठांच्या उपचारांसाठीच्या कार्डाला, ७० पूर्ण लागतात, आणि वय आधारवरूनच धरतात. म्हणजे तारखेचा एका वर्षाचा फरकही महत्त्वाचा.

गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, बांबोळीला जायचं असेल तर जुने केस पेपर आणि डिस्चार्जचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, झेरॉक्सचा वेगळा गठ्ठा ठेवा. मी माझी फाईल देवघराखालच्या फळीवर ठेवते. पहिल्याच पानावर माझी तिन्ही नावं, रक्तगट, चालू गोळ्या आणि शेजारच्या वहिनींचा फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलाय. मुलगा दूर असतो, रात्री दार वहिनीच उघडणार. फाईल कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवलंय. आईंच्या शेजारणीलाही तुम्ही स्वतः दाखवून या.