‘कौटुंबिक हिंसाचार’ की ‘जोडीदाराकडून होणारी हिंसा’?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या क्वीअर (समलैंगिक, बायसेक्शुअल, ट्रान्स वगैरे) ‘पीपल ऑफ कलर’मधल्या ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’वर मराठीत लिहायचं आहे, दोन्हींना काय म्हणावं?

‘रंगीत लोक’ अजिबात नको. ‘कलर्ड’ हा तिथे वर्णभेदाच्या काळातल्या पाट्यांवरचा शब्द. ‘पीपल ऑफ कलर’ हे तिथल्या गोऱ्या नसलेल्या लोकांनी स्वतः घेतलेलं नाव. ‘कृष्णवर्णीय’मध्ये लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळांचे), आशियाई, मूळनिवासी सुटतात. नुसतं ‘वर्णीय’ म्हणाल तर आपल्या वाचकाला चातुर्वर्ण्य आठवणार. मी पहिल्यांदा चारही समूहांची नावं घेईन, मग ‘श्वेतेतर’वर भागवीन.

‘कौटुंबिक हिंसाचार’ची गोष्ट वेगळी. २००५च्या कायद्यामुळे तो आपल्याकडे पक्का रुळला. पण त्या कायद्यात दाद मागणारी स्त्रीच असते, आणि नातं रक्ताचं, लग्नाचं, लग्नासारखं, दत्तक किंवा एकत्र कुटुंबातलं. मराठीतली याबाबतची शब्दसंपत्तीही सगळी सासरची: जाच, सासुरवास, हुंड्यापायी छळ. जुनी माणसं तर बायकोलाच ‘आमचं कुटुंब’ म्हणत.

क्वीअर जोडप्यात मारणारा जोडीदार एकीकडे आणि कुटुंब दुसरीकडे, असं बऱ्याचदा असतं. शिवाय ते कुटुंबच धमकीला कामी येतं: ‘तुझ्या घरी सगळं सांगेन.’ कागदपत्रं नसलेल्याला ‘इमिग्रेशनला कळवीन’ एवढं पुरतं. कृष्णवर्णीय बाई पोलिसांना बोलवावं की नाही याचा दहादा विचार करते, कारण ते आपल्याशी आणि जोडीदाराशी कसे वागतील याचीच तिला धास्ती असते. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांच्या १९९१च्या निबंधात एका लॅटिना बाईची हकिगत आहे. नवरा जिवावर उठलेला, तरी इंग्रजी येत नाही म्हणून निवारागृहाने तिला घेतलं नाही. ती बाई क्वीअर नव्हती, पण दार कसं बंद होतं ते यातून नेमकं कळतं.

म्हणून मी ‘जोडीदाराकडून होणारी हिंसा’ लिहीन. लांब आहे, मान्य. ‘समलैंगिक नात्यातली हिंसा’ हा आटोपशीर पर्याय मात्र चुकीचा ठरेल. अमेरिकी सरकारच्या २०१०च्या पाहणीत जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग आयुष्यात कधीतरी सोसलेल्या बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असलेल्या) स्त्रिया ६१ टक्के होत्या, लेस्बियन ४४ आणि भिन्नलिंगी ३५. त्या बायसेक्शुअल स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के जणींना त्रास देणारे फक्त पुरुष होते. हिंसा क्वीअर व्यक्तीवर झाली, नातं समलैंगिक नव्हतं.

माहेरचेच मारतात, डांबून ठेवतात, बळजबरीने लग्न लावतात, तिथे ‘कौटुंबिक’ चपखल बसतो. तो त्यासाठी राखून ठेवा.

‘पीडिता’ही टाळा, ‘पीडित व्यक्ती’ म्हणा. क्रियापद तरीही स्त्रीलिंगीच येणार, त्याला इलाज नाही.